जावई जेवला

अजिनाथ गर्जेने सावेडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा घरमालकाने त्याला एवढंच विचारलं होतं, की कुत्रं-मांजर काही पाळलंय का. अजिनाथ म्हणाला, नाही. ते खोटं नव्हतं. मग टेम्पोतून चार फुटी काचेची टाकी उतरली, भोकाभोकाच्या दगडांचे क्रेट उतरले, मिठाच्या सात बादल्या उतरल्या आणि शेवटी झाकण लावलेल्या ड्रममधून मासे उतरले. घरमालक गॅलरीत उभा राहून बघत होता. माशांचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्याला तो तरी काय करणार.

टाकीतलं पाणी समुद्राचं, म्हणजे घरी बनवलेलं. सावेडीतून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र काही जवळ येत नाही. नळाचं पाणी मशीनमधून काढून त्यात खास मीठ मोजून विरघळवायचं, ते पंख्याने आणि चिलरने थंड ठेवायचं, रोज तपासायचं. हे सगळं अजिनाथ पुण्याच्या एका दुकानात दहा वर्षं राबून शिकला होता. आता तो स्वतःचं काम करी. नगरचे दवाखाने, हॉटेलं, बंगले यांच्या टाक्या त्याच्याकडे असत. त्या बहुतेक गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की लोक आधी हौसेने हो म्हणत आणि दोन महिन्यांनी त्याचा फोन उचलेनासे होत.

घरातली टाकी मात्र त्याची स्वतःची होती. ती कुणाच्या हौसेवर अवलंबून नव्हती.

त्याची आई रंगुबाई त्याच्याजवळ राहायला आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी मिठाच्या बादल्या बघितल्या. पाथर्डी तालुक्यातलं गाव, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं. वर्षातले सहा महिने ऊसतोडीला बाहेर. असं आयुष्य काढलेल्या बाईला हे दाखवायचं म्हणजे कठीणच. ती म्हणाली, "आमी जलमभर पान्यासाठी हंडं घेऊन पळालो, आन तू चांगल्या पान्यात मीठ घालून ऱ्हायलास."

पण महिन्याभरात ती त्या टाकीसमोर बसायला लागली. सकाळचा चहा घेऊन स्टुलावर बसायची आणि संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा बसायचीच. तिने सगळ्यांना नावं दिली. पिवळाधमक चपटा मासा होता तो हळद्या. दोन चिमुकले निळे होते, त्या निळ्या. वाळूत एक मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देत बसे आणि त्याच्याच बिळात एक आंधळी कोळंबी राही. ती आपली मिशी सतत त्या माशाच्या अंगाला लावून असे, धोका आला की मासा शेपूट हलवी आणि दोघं आत जात. तो राखणदार. आणि केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली, एक पंख आखूड असलेली मोठी मादी, ती थोरली.

थोरली नऊ वर्षांची होती. आखूड पंखामुळे दुकानात तिला कुणी घेईना म्हणून मालकाने ती अजिनाथला दिली होती. हे सगळं तिच्यापासून सुरू झालं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, मालक अडकला होता, तेव्हा अजिनाथ त्या बंद शटरच्या आत अडीच महिने तिच्याशी बोलत राहिला होता. माणसांशी बोलावं असं त्या दिवसांत त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. त्याचं कारण पुढे येईल.

थोरलीला जोडीदार होता, तिच्या निम्म्याने लहान. ह्या माशांत मादी मोठी, नर छोटा. रंगुबाईला ते फार आवडलं होतं. पण चैत्रात एकदा अजिनाथ काच पुसताना वरची जाळी बाजूला ठेवून फोनवर बोलत बाहेर गेला आणि तेवढ्यात नराने उडी मारली. तो टेबलामागे रंगुबाईलाच सापडला, सुकटासारखा वाळलेला. तिने तो तळहातावर घेऊन लेकाला दाखवला. त्या दिवसापासून थोरली टाकीच्या कोपऱ्यात खाली तोंड करून राही. खायला टाकलं तर दोन कण उचले आणि वळे.

"अर्धा कोयता झाली ती," रंगुबाई म्हणाली.

ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक गेलं की मागे राहतो तो अर्धा कोयता. त्याला टोळीत कुणी सहसा घेत नाही. घेतलंच तर दुसऱ्या एखाद्या अर्ध्यासोबत जोडून देतात. रंगुबाई स्वतः पाच वर्षं अर्धा कोयता होती. "आन तूबी," ती अजिनाथला म्हणायची, "चौतिशीचा झालास. तुझं तर अजून पातंच न्हाई दांड्याला." अजिनाथ हसून सोडून द्यायचा. पाथर्डीकडच्या मुलाला, तेही मासे धुणाऱ्या मुलाला, मुलगी कोण देतंय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तर थोरलीसाठी नवा नर आणायचा असं ठरलं. अजिनाथ पुण्याला जाऊन एक बोटभर लांबीचा मासा पिशवीतून घेऊन आला आणि त्याला थोरलीच्या टाकीत न सोडता आतल्या खोलीत, ओट्याशेजारच्या टेबलावरच्या छोट्या टाकीत सोडलं. त्या टाकीत वाळू नाही, दगड नाही, दिवा नाही. हवेचा एक स्पंज आणि लपायला प्लंबरकडचा पांढऱ्या पाईपचा तुकडा. झालं.

त्यामागचं कारण अजिनाथला पाठ होतं. नवा मासा कितीही स्वच्छ दिसला तरी त्याच्या कल्ल्यांत काय बसलंय ते डोळ्यांना दिसत नाही. दुकानात जिला सगळे व्हेल्वेट म्हणत, ती कीड सगळ्यांत वाईट. पिठीसाखरेच्या कणाहून बारीक. माशाचं रक्तपाणी पिऊन खाली पडते, दगडावर, वाळूत चिकटते, तिथे फुटून एकाची शेकडो होते आणि ती शेकडो पुन्हा मासा शोधत निघतात. तांब्याचं औषध तिला मारतं, पण ते मोठ्या टाकीत घालता येत नाही. त्याने प्रवाळ मरतात, कोळंबी मरते, दगड ते पिऊन बसतात. म्हणून नव्याला महिनाभर वेगळं ठेवायचं, आधी तो नीट जेवायला लागू द्यायचा, मग औषध सुरू करायचं. उपाशी माशाला औषध सोसत नाही. दुकानात अजिनाथने हा नियम मोडलेले तीन मोठे टँक रिकामे होताना बघितले होते.

हे सगळं त्याने आईला सांगायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि रंगुबाई काही अडाणी नव्हती. अंगठा लावायची, पण तिला गोष्ट एकदा सांगितली की पुरे व्हायची. तरी त्याने सांगितलं नाही. कारण ते सांगायचं तर एक शब्द उच्चारावा लागला असता आणि तो शब्द मायलेकांत सहा वर्षांत कुणी काढला नव्हता. क्वारंटाईन.

दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये रंगुबाई आणि तिचा नवरा सूर्यभान कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावरून ट्रकने गावी परतले. गावाने टोळीला वेशीबाहेर शाळेत ठेवलं, अठ्ठावीस दिवसांसाठी. बाया एका वर्गात, बापे दुसऱ्या वर्गात. नवव्या दिवशी सूर्यभानला ताप आला आणि गाडी येऊन त्याला तालुक्याला घेऊन गेली. सतराव्या दिवशी तो गेला. तपासणीत त्याला तो आजार नव्हताच, छातीचं जुनं दुखणं होतं. म्हणून प्रेत गावात आणलं आणि ओढ्याकाठी जाळलं. रंगुबाई तेव्हा शाळेत होती. अजिनाथ पुण्यात शटरच्या आत होता आणि त्याला पास मिळाला नाही. आपल्या आईला लोकांनी कोंडून ठेवलं, शेवटचं तोंडही बघू दिलं नाही, असं तो तेव्हापासून मनात धरून होता. त्याने तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही. जखमेला हात कशाला लावा, असं त्याला वाटे. मुलं अशी आईवडिलांवर प्रेम करतात आणि त्यात त्यांना फारशी मेहनतही लागत नाही.

म्हणून, "ह्याला हितं का ठिवलंय रं?" असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बुजलाय तो, आये. प्रवासातनं आलाय. जेवायला लागला की बघू."

"बुजलाय व्हय," ती म्हणाली आणि पाईपात डोकावली.

महिना धोंड्याचा होता. तीन वर्षांनी येणारा, जावयाचा मान करायचा. वरच्या मजल्यावर राजेश्वरीकाकूंकडे संगमनेरची लेक आणि जावई आले, धोंड्यांचं ताट खाली आलं, पुरणाचा वास जिन्याभर पसरला. रंगुबाईला लेक नव्हती. तिने ताटातला धोंडा मोडून तोंडात टाकला, आतल्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाली, "लोकांचे जावई पाटावर बसलेत. आपला बघ, पायपात बसलाय." तेव्हापासून नव्याचं नाव जावई पडलं. अजिनाथही त्याला जावईच म्हणायला लागला. थट्टेथट्टेत नाव पडलं खरं. पण रंगुबाईने नुसतं नाव ठेवलं नव्हतं. रोज दुपारी काम आटोपलं की ती त्या छोट्या टाकीसमोर बसे. तो एकटाच पाईपच्या ह्या तोंडातून त्या तोंडात जाई. बाहेरच्या खोलीत थोरली कोपऱ्यात. मध्ये एक भिंत. दोन अर्धे कोयते एका घरात भिंतीआड बसलेले तिला बघवेनात.

पाच दिवस जावई जेवला नाही. सहाव्या दिवशी, शुक्रवारी, संगमनेरहून डॉक्टर निकिताचा फोन आला. तिच्या दातांच्या दवाखान्यातल्या टाकीचा चिलर बंद पडला होता, पाणी तापत होतं. अजिनाथ सकाळच्या एसटीने गेला. जाताना त्याने आईला सांगितलं, दुपारी चिमूटभर खायला टाक, बघ उचलतो का.

दुपारी दीडला त्याचा फोन वाजला. तो चिलरचा पंखा खोलून खाली पालथा पडला होता, दोन्ही हात आत.

"अजा, जावई जेवला," रंगुबाई म्हणाली. "समदं खाल्लं. वर येऊन खाल्लं."

"बरं झालं," अजिनाथ म्हणाला. "चल, ठेवतो."

त्याला खरंच बरं वाटलं. उद्यापासून औषध सुरू करता येईल, असा विचार करत त्याने पंखा बसवला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चपला काढतानाच त्याला मोठ्या टाकीच्या काचेवर हळदीकुंकवाची दोन बोटं दिसली. टाकीसमोर पाट होता, पाटावर विझलेलं निरांजन आणि वाटीत पुरण. आत थोरली कोपऱ्यात नव्हती. ती मधोमध होती आणि तिच्यापुढे बोटभर जावई अंगाला थरथर देत तिरपा झाला होता. लहान नर मोठ्या मादीपुढे असाच थरथरतो, मान्य केल्याची ती खूण. थोरलीने त्याला एकदा ढुशी दिली आणि जवळ राहू दिलं. नऊ वर्षांत अजिनाथने इतकं सुरेख काही बघितलं नव्हतं आणि तरी त्याचा हात मासे धरायच्या जाळीकडे गेला.

"बघितलंस का," रंगुबाई मागून म्हणाली. ती नवं लुगडं नेसली होती. "घरात घेतलं मी जावयाला. एकदम न्हाई टाकला. तू करतोस तसं वाटीत थोडं थोडं पानी घालत घालत, तासभर. आंगावर एक डाग न्हाई त्याच्या, चष्मा लावून बघितला."

तिने सगळं बरोबर केलं होतं. हात धुतले होते, वाटी साबणाशिवाय घासली होती, पाण्याची सवय लावली होती. दुकानात नव्या पोरांना हे शिकवायला अजिनाथला आठवडा लागे.

जाळी घेऊन त्याने अर्धा तास प्रयत्न केला. जावई आणि थोरली दोघंही दगडाच्या कपारीत जाऊन बसले. बाहेर काढायचं तर सगळा दगड उपसायला हवा होता. त्या दगडांवर त्याने पाच वर्षांत चिकटवलेले, वाढवलेले प्रवाळ होते. रंगुबाई पदर धरून बघत होती. "कशाला छळतोस त्यांना?" ती म्हणाली. अजिनाथने जाळी खाली ठेवली. कदाचित स्वच्छ असेल, तो मनाशी म्हणाला. दहातले सात स्वच्छ निघतात. हा आकडा त्याने त्याच क्षणी तयार केला होता.

शनिवार, रविवार, सोमवार घरात आनंद होता. खोटं कशाला सांगायचं, अजिनाथलाही होता. थोरली जेवत होती. रंगुबाई बायांना बोलावून जोडा दाखवत होती.

मंगळवारी सकाळी हळद्या दगडाला अंग घासताना दिसला. एकदा, मग पुन्हा. तो पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहिला, कल्ले भराभर चालत होते. अजिनाथने बॅटरी तिरपी धरून त्याच्या अंगावर मारली. पिवळ्या कातडीवर सोनेरी धूळ होती, हळदीची भुकटी उडून बसावी तशी.

त्याच वेळी दगड उपसायला हवे होते. अजिनाथला ते कळत होतं, हात मात्र वळेनात. त्याने आधी पुण्याला फोन केला, मग पाणी तपासलं, मग पुन्हा तपासलं. बुधवारी सकाळी हळद्या पंपाच्या जाळीला चिकटून मेलेला होता आणि दोन्ही निळ्या वाळूवर आडव्या पडल्या होत्या.

मग त्याने टाकी मोडली. पाणी ड्रममध्ये काढलं, दगड एकेक करून टबात घेतले. प्रवाळांच्या फांद्या हातात तुटून येत होत्या. पाच वर्षांचं काम दोन तासांत निघालं. राखणदार, थोरली आणि जावई असे तीन जण मिळाले. एकेकाला त्याने पाच पाच मिनिटं गोड्या पाण्यात धरलं. त्या पाण्यात कीड फुटते, माशाला थोडा वेळ श्वास मिळतो. मग तिघांना आतल्या छोट्या टाकीत सोडून त्याने तांब्याचं औषध घातलं. उशीर झाला होता. राखणदार दुपारी गेला.

"काय झालं रं ह्यांना?" रंगुबाई विचारत होती. ती ओले टॉवेल पिळून देत होती, सांडलेलं पाणी पुसत होती.

"मीठ कमीजास्त झालं असेल."

"माज्या हातनं काय झालं का?"

"नाही, आये. तुझ्या हातनं काही नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा फरशी पुसायला लागली.

थोरली शुक्रवारपर्यंत टिकली. रोज तीनदा तो तिला गोड्या पाण्यात धरी. ती त्याच्या तळहातावर कलंडून पडे, आखूड पंख सारखा हलत राही. तिच्या अंगाचा केशरी रंग राखेसारखा झाला होता. त्याच्याकडे औषध होतं, पुस्तकं होती, दहा वर्षांचा अनुभव होता, फोनमध्ये पुण्याचे तीन जाणकार होते आणि त्यातल्या कशाचाही उपयोग नव्हता. शुक्रवारी दुपारी तिचे कल्ले थांबले. आणखी पाच मिनिटं त्याने हात पाण्यातच ठेवला. मग तो ओट्याला पाठ लावून खाली बसला आणि रडला. बाप गेल्याचा फोन आला तेव्हा तो रडला नव्हता. शटरच्या आत रडायला कुणी समोर नव्हतं, एक थोरलीच होती.

रंगुबाई त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, समजूत घातली नाही.

जावई मात्र जिवंत होता. असं होतं. जो आजार घेऊन येतो त्याच्या अंगात थोडी ताकद असते, मरतात ते घरातले. तो पांढऱ्या पाईपात होता, ह्या तोंडातून त्या तोंडात जात होता.

बाहेरच्या खोलीत अजिनाथने दगड पुन्हा टाकीत ठेवले, वाचलेले प्रवाळ लावले. मासा एकही नव्हता. वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी आंधळी कोळंबी आली, मिशी बाहेर काढून इकडेतिकडे फिरवली आणि तशीच थांबली. रंगुबाई स्टुलावर बसून तिच्याकडे बराच वेळ बघत होती.

"आता जावयाला हिच्याकडं कवा आननार?" तिने विचारलं.

"आता नाही. ऐंशी दिवसांनी."

"ऐंशी."

"मासा नसला की ती कीड उपाशी मरते. तेवढे दिवस टाकी रिकामी ठेवायची." बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण कीड म्हणालो.

रंगुबाईने स्टूल वळवलं आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"त्याला बुजरा म्हनून न्हवतं ठिवलं," ती म्हणाली. "त्याला शाळंत ठिवलं हुतं."

अजिनाथने मान हलवली.

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला त्रास होईल म्हणून. तुला त्या लोकांनी तसं कोंडून..."

"मला कुनी कोंडलं हुतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "गेटला कुलूप न्हवतं, अजा. सतराव्या दिशी पोलीस पाटील आले. म्हनले, रंगुबाई, चला, लांब उभं ऱ्हाऊन तोंड बघा, आमी कुनाला बोलनार न्हाई. मीच न्हाई म्हनलं. वड्याची वाट भागवत भाऊजींच्या दारावरनं. त्यांच्या सुनंला सात दिसाचं लेकरू. माझे अकरा दिस ऱ्हायले हुते. तुझ्या बापाचा धूर मी शाळंच्या वरांड्यात बसून बघितला."

अजिनाथला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं ज्या लोकांवर तो दात धरून होता ते लोक तिला न्यायला आले होते.

"नवऱ्यासाठी न्हाई वलांडला मी उंबरा," रंगुबाई म्हणाली, "आन माशासाठी वलांडला असता व्हय? तू येक शब्द सांगायचा हुता. मी त्याच्या काचंला बोट लावलं नसतं." आता तिचे डोळे भरले. "सगळ्या गावात मला येकटीला कळलं असतं रं ते. आन तू मलाच न्हाई सांगितलंस."

चुकलो म्हणावं, असं अजिनाथला वाटलं. पण कुणाला म्हणायचं आणि किती म्हणायचं, ते त्याला ठरवता येईना.

रंगुबाईने डोळे पुसले. ती उठली, स्टूल उचलून आतल्या खोलीत नेलं आणि छोट्या टाकीपासून दोन हात अंतरावर ठेवलं. देवळीतला खडूचा तुकडा घेऊन ती टाकीशेजारच्या भिंतीपाशी गेली. शाळेत असताना दिवस मोजायला तिने फळ्यावर अशाच रेघा मारल्या होत्या, हे तिनेच एकदा शेजारणीला सांगताना त्याने ऐकलं होतं.

"आजचा दिस धरायचा," तिने पाठमोरीच विचारलं, "का उद्यापासनं?"

"आजपासून," अजिनाथ म्हणाला.

तिने पहिली रेघ मारली आणि येऊन स्टुलावर बसली. पाईपाच्या तोंडातून जावई बाहेर आला, काचेशी थांबला. तिने हात मांडीवरच ठेवले.